१० किलोची वस्तू २ मीटरवरून पडली, तर आघाताचं बल किती धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा: यंत्राच्या वरच्या बाजूला देखभालीचं काम चालतं. तिथून साधारण १० किलोचा एखादा सुटा भाग २ मीटर खाली पडू शकतो, म्हणून खालच्या यंत्रावर पोलादी संरक्षक झाकण बसवायचं आहे. ते किती किलोच्या माराला टिकायला हवं? बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण धरलं तर १० × ९.८१ = ९८ न्यूटन येतात, म्हणजे पुन्हा १० किलोच. हे काही पटत नाही. दुसऱ्या एका सूत्रात 'थांबण्याचं अंतर' मागतात, तिथे काय भरायचं ते कळत नाही.

तुम्हाला ते पटलं नाही हे अगदी योग्य आहे. ९८ न्यूटन हे वस्तू हवेत असताना पृथ्वी तिला ज्या बलाने ओढते ते. तीच वस्तू झाकणावर हळूच ठेवली तरी झाकणावर तेवढाच भार येईल. आदळताना त्वरण ९.८१ राहत नाही. वस्तू किती झटकन थांबते त्यावर ते ठरतं, आणि ही माहिती वजनात किंवा उंचीत कुठेच नसते. त्यामुळे 'इतकं वजन, इतकी उंची, तर बल किती?' याला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. कुणी दिलाच, तर त्याने थांबण्याचं अंतर किंवा वेळ गुपचूप गृहीत धरलेली असते. आकडा वापरण्याआधी ती विचारून घ्या.

पडण्यावरून दोन गोष्टी मात्र पक्क्या कळतात: वेग आणि ऊर्जा. वेग म्हणजे २ × ९.८१ × २ याचं वर्गमूळ, सेकंदाला ६.२६ मीटर, म्हणजे ताशी साधारण साडेबावीस किलोमीटर. ऊर्जा म्हणजे १० × ९.८१ × २ = १९६ ज्यूल. एवढ्या उंचीवर धातूच्या घट्ट वस्तूसाठी हवेचा विरोध सोडून दिला तरी चालतो. पुठ्ठ्याचं रिकामं खोकं किंवा पत्रा असेल तरच त्याचा विचार करावा लागतो.

इथून पुढे एक चूक वारंवार दिसते. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, काढतात: १० × ६.२६ = ६२.६. मग 'बल म्हणजे संवेग भागिले वेळ' म्हणून पडायला लागलेल्या वेळेने भागतात. २ मीटर पडायला ०.६४ सेकंद लागतात. ६२.६ ला ०.६४ ने भागलं की येतात ९८ न्यूटन, फिरून वस्तूचं वजनच. ते तसं येणारच, कारण त्या ०.६४ सेकंदांत गुरुत्वाकर्षणानेच तो संवेग दिलेला आहे. आपल्याला हवी आहे ती आदळल्यापासून थांबेपर्यंतची वेळ, आणि ती सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजली जाते. काही जण वेळ १ सेकंद धरतात. त्याला तर काहीच आधार नाही.

वेळेपेक्षा अंतर हाताळायला सोपं जातं. स्पर्श झाल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत वस्तू आणखी किती खाली गेली, ते हे अंतर. तेवढ्या अंतरात १९६ ज्यूल जिरवायचे असतात, आणि थांबता थांबता वस्तू आणखी थोडी खाली गेल्याने मिळणारी ऊर्जाही त्यात येते. म्हणून

सरासरी बल = वस्तूचं वजन × (१ + पडण्याची उंची ÷ थांबण्याचं अंतर)

कंसातल्या भागाकाराकडे नीट बघा. उंची भागिले थांबण्याचं अंतर, बस. वस्तू स्वतःच्या वजनाच्या किती पट मार देते हे त्या एका गुणोत्तरात आलं. कागद-पेन हाताशी नसेल तेव्हा मी एवढंच मनात करतो: २ मीटर पडली, २ मिलिमीटरमध्ये थांबली, म्हणजे हजार पट. वेळेचं गणितही याच्याशी जुळतं. २ मिलिमीटरमध्ये सारख्या बलाने थांबली तर लागणारी वेळ ०.६४ मिलिसेकंद, पडायला लागलेल्या वेळेच्या बरोबर हजाराव्या भागाइतकी. जो संवेग गुरुत्वाकर्षणाने ०.६४ सेकंदांत जमवला, तो जमिनीने हजारपट कमी वेळात काढून घेतला, म्हणून बल हजारपट.

आता तुमचेच १० किलो वेगवेगळ्या ठिकाणी पाडून बघू. सैल वाळूत १० सेंटिमीटर रुतली तर सरासरी बल सुमारे २,०६० न्यूटन, म्हणजे २१० किलो. २ सेंटिमीटरमध्ये थांबली तर सुमारे ९,९०० न्यूटन, म्हणजे १ टनाच्या आसपास. काँक्रीटवर कडक पोलादी वस्तू आपटली आणि दोघांचं मिळून २ मिलिमीटर दबलं, तर सुमारे ९८,००० न्यूटन, १० टन. वस्तू तीच, उंची तीच; उत्तर २१० किलोपासून १०,००० किलोपर्यंत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं प्रामाणिक उत्तर 'थांबवणार कशावर?' हेच आहे.

'दोघांचं मिळून' हे शब्द सुटू देऊ नका. वस्तूही दबते. पडणारा भाग ॲल्युमिनियमचा असेल, त्याला रबराची कड असेल किंवा तो पोकळ डबा असेल, तर त्याचा चेपही थांबण्याच्या अंतरात धरायचा. झाकणाचा वाक, त्याखालच्या आधाराचा वाक आणि वस्तूचा चेप यांची बेरीज करायची.

हे झालं सरासरी बल. झाकण किंवा बोल्ट तुटतो तो मात्र कमाल बलाने, आणि सरासरी व कमाल यांच्यातलं नातं थांबवणाऱ्या पदार्थाच्या स्वभावावर असतं. पत्रा, तुळई, रबर यांचा विरोध दबत जाईल तसा वाढत जातो. असा विरोध स्प्रिंगसारखा सरळ रेषेत वाढला तर कमाल बल अंतरावर काढलेल्या सरासरीच्या दुप्पट येतं. चुरगळणारा फोम किंवा मधमाशांच्या पोळ्यासारखी धातूची जाळी जवळजवळ सारख्याच बलाने दबत जाते. तिथे सरासरी आणि कमाल यांत फारसा फरक राहत नाही. दुसरं काहीच माहीत नसेल तर मी सरासरीच्या दुप्पट धरतो.

उंची दुप्पट झाली की बल दुप्पट होतं, असं सहज गृहीत धरलं जातं. थांबण्याचं अंतर तेवढंच राहिलं तरच ते खरं, आणि ते बहुधा तेवढंच राहत नाही. स्प्रिंगसारख्या झाकणावर उंची चौपट केली तर बल साधारण दुप्पट होतं आणि वाकही दुप्पट. चुरगळणाऱ्या फोमवर उंची वाढवली तर बल जवळपास तेवढंच राहतं, फोम जास्त दबतो. पण फोमची जाडी संपत आली, साधारण दोन तृतीयांश दाबली गेली, की त्यातली हवा आणि पोकळी संपते आणि तो एकदम कडक होतो. तिथून पुढे उंचीत थोडीशी वाढ झाली तरी बल झपकन उडी मारतं. याला आम्ही 'तळ लागणं' म्हणतो. संरक्षक अस्तर निवडताना मऊपणा बोटाने दाबून पाहतात, त्याचा इथे काही उपयोग होत नाही. इतके ज्यूल जिरेपर्यंत तळ लागतो का, एवढंच तपासायचं. मऊ पण पातळ अस्तर हे कडक अस्तरापेक्षाही वाईट निघू शकतं, कारण ते काहीच न जिरवता तळाला लागतं.

आता तुमच्या झाकणाकडे येऊ. झाकण किंवा त्याखालची पट्टी स्प्रिंगसारखी वागते असं धरलं, तर एक जुनं आणि भरवशाचं सूत्र आहे. आधी तीच वस्तू त्या जागी हळूच ठेवली तर पट्टी किती वाकेल ते काढायचं किंवा सरळ मोजायचं. त्याला स्थिर वाक म्हणू.

कमाल बल = वजन × [१ + वर्गमूळ (१ + २ × उंची ÷ स्थिर वाक)]

समजा १० किलो ठेवल्यावर पट्टी मधोमध अर्धा मिलिमीटर वाकते. मग २ × २,००० ÷ ०.५ = ८,०००. त्यात १ मिळवून वर्गमूळ ८९.४, आणखी १ मिळवला की ९०.४ पट. म्हणजे सुमारे ८,९०० न्यूटन, ९०० किलो. पट्टी जास्त लवचीक असेल आणि स्थिर वाक २ मिलिमीटर असेल तर ४५.७ पट, सुमारे ४,५०० न्यूटन. लवचीकपणा चौपट केला की बल निम्मं झालं. हे वाचून 'मग लवचीकच करू' असं वाटेल, पण सोबतचा दुसरा आकडाही बघा: पहिली पट्टी आदळताना ४५ मिलिमीटर वाकेल, दुसरी ९१. झाकण आणि यंत्र यांच्यात तेवढी जागा आहे का? नसेल तर पट्टी वाकून यंत्रालाच टेकेल आणि उरलेली ऊर्जा यंत्र जिरवेल.

याच सूत्रात उंची शून्य घातली तर उत्तर २ येतं. म्हणजे वस्तू झाकणाला टेकवून, पण भार हातात धरून, एकदम सोडली तरी वजनाच्या दुप्पट बल येतं. क्रेनवरून माल टेकवताना 'उंची तर शून्यच आहे' असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

हे सूत्र पट्टीचं स्वतःचं वस्तुमान धरत नाही. पट्टी जड असेल तर वस्तू तिला आधी गती देते, त्या धडकेतच ऊर्जेचा मोठा हिस्सा खर्च होतो आणि वाकवायला कमी ऊर्जा उरते. दोन्ही टोकांना टेकलेल्या पट्टीच्या मध्यावर मार बसला तर पट्टीच्या वस्तुमानाचा १७/३५ भाग, म्हणजे जवळजवळ निम्मा, मध्यावर आहे असं धरतात. पट्टी २० किलोची असेल तर ते ९.७ किलो होतात, आणि वाकवायला उरते ऊर्जेच्या ५१ टक्के. आधीच्या ९०.४ पटींऐवजी ६४.७ पट, सुमारे ६,३५० न्यूटन. जड झाकणाचा हा खरा फायदा आहे. फक्त त्याच क्षणी, स्पर्शाच्या जागी, झाकणाच्या जडत्वामुळे एक अतिशय छोटा पण उंच झटका येतो. तो आधारांपर्यंत पोचत नाही, पण स्पर्शाच्या जागी पोचा पाडू शकतो किंवा ठिसूळ पदार्थ फोडू शकतो. ओतीव लोखंडाचं किंवा काचेचं झाकण असेल तर वरच्या सूत्राच्या भरवशावर राहू नका.

पोच्यावरूनही उलटं बल काढता येतं, आणि झालेल्या अपघाताची चौकशी करताना तेच जास्त उपयोगी पडतं. समजा १ किलोचा पोलादी गोळा, व्यास साधारण ६२ मिलिमीटर, १ मीटरवरून जाड पोलादी प्लेटवर पडला आणि त्याने ७ मिलिमीटर व्यासाचा गोल पोचा पाडला. पोच्याची खोली म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले गोळ्याच्या त्रिज्येची आठपट: ४९ ÷ (८ × ३१), जवळजवळ ०.२ मिलिमीटर. ऊर्जा ९.८ ज्यूल. ती ०.२ मिलिमीटरने भागली की सरासरी सुमारे ४९,००० न्यूटन. गोळा आत जाईल तसं स्पर्शाचं क्षेत्र वाढतं आणि बलही खोलीबरोबर वाढत जातं, म्हणून कमाल बल याच्या दुप्पट, लाखाच्या घरात. १ किलोच्या गोळ्याचा १० टनांचा मार ऐकून अविश्वास वाटतो, पण तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढाच टिकतो, आणि तो मोठ्या रचनेला जाणवायच्या आतच संपतो.

पोच्यावरून ऊर्जा मोजण्याची कल्पना जुनीच आहे. डच शास्त्रज्ञ विलेम 'स ग्राव्हेसांड यांनी १७२२ च्या सुमारास पितळी गोळे मऊ चिकणमातीत पाडून खड्डे मोजले. वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट होतो, असं त्यांना दिसलं. वेगाचा वर्ग महत्त्वाचा की नुसता वेग, या त्या काळच्या वादात हा भक्कम पुरावा ठरला, आणि पुढे फ्रेंच विदुषी एमिली द्यू शातले यांनी त्याच्या आधारे वर्गाची बाजू मांडली. आजही मऊ पदार्थात पडलेला खड्डा आधी बल सांगत नाही, ऊर्जा सांगतो. बल काढायला खोली लागते.

याच कारणामुळे सुरक्षेची बरीच मानकं बलाऐवजी ऊर्जेत लिहिलेली आहेत. सुरक्षा बुटाच्या पोलादी टोपीची चाचणी २०० ज्यूलची असते: २० किलोचं वजन साधारण १ मीटरवरून पाडतात आणि नंतर टोपीखाली बोटांसाठी किती जागा उरली ते मोजतात. विजेच्या पेट्यांच्या आवरणांना मार सोसण्याची 'आयके' श्रेणी असते. 'आयके १०' म्हणजे २० ज्यूल, उदाहरणार्थ ५ किलो ४० सेंटिमीटरवरून. माती उपसणाऱ्या यंत्रांच्या चालकावरचं छत १,३६५ ज्यूल किंवा जड कामासाठी ११,६०० ज्यूलला तपासतात, आणि छत वाकून चालकासाठी राखलेल्या जागेत घुसलं की नाही हे बघतात. छताने किती बल सहन केलं हे तिथे कुणी विचारत नाही. तुमच्या झाकणासाठी मागणी लिहितानाही '१९६ ज्यूल, त्यावर योग्य ती वाढ धरून, आणि जास्तीत जास्त वाक इतके मिलिमीटर' असं लिहा. 'अमुक किलोचा मार सोसेल' अशी मागणी लिहिली तर पुरवठादार झाकणावर तेवढ्या किलोच्या गोण्या ठेवून ते पास करून दाखवेल.

मार माणसाच्या शरीरापर्यंत पोचणार असेल तिथे मात्र बलावरच मर्यादा घालतात, कारण मान आणि पाठीचा कणा किती सोसेल हे बलातच सांगता येतं. औद्योगिक हेल्मेटच्या युरोपीय मानकात ५ किलोचं वजन १ मीटरवरून हेल्मेटवर पाडतात आणि डोक्याच्या साच्यापर्यंत ५ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे ५,००० न्यूटनपेक्षा, जास्त बल पोचू देत नाहीत. ऊर्जा ४९ ज्यूल. ५,००० न्यूटनने भागली तर अंतर येतं सुमारे १ सेंटिमीटर, तेही बल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं राहिलं तर. प्रत्यक्षात ते चढतं आणि उतरतं, म्हणून २ सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते. हेल्मेटचं कवच आणि आतल्या पट्ट्यांची जाळी यांच्यामधली पोकळी ती हीच. त्या पोकळीत रुमाल, हातमोजे, मोबाईल कोंबून ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी काढायला लावले आहेत. पोकळी भरली की थांबण्याचं अंतर गेलं. मग हेल्मेट म्हणून फक्त कवच उरतं.

उंचीवर काम करणाऱ्याच्या सेफ्टी हार्नेसला, म्हणजे अंगाला बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांना, हेच गणित लागू आहे. १०० किलोचा माणूस साहित्यासह १.८ मीटर मोकळा पडला आणि न ताणल्या जाणाऱ्या तारेच्या दोराने ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बलच ३६ किलोन्यूटन, साडेतीन टनांहून जास्त. अमेरिकी नियमात हार्नेसवर ८ किलोन्यूटनची मर्यादा आहे, युरोपीय मानकात ऊर्जा शोषणाऱ्या पट्ट्यासाठी ६. ६ किलोन्यूटनमध्ये थांबवायचं तर किमान ३५ सेंटिमीटर अंतर लागतं, आणि ते अंतर शिवण उसवत जाणारा पट्टा देतो. तो पट्टा उसवायला खाली मोकळी जागा हवी. ती नसेल तर माणूस पट्टा पुरता उसवायच्या आधीच जमिनीवर पोचतो.

पुन्हा झाकण. मी तुमच्या जागी असतो तर झाकण लवचीक मर्यादेत, म्हणजे मार बसल्यावर पुन्हा सरळ होईल असं, ठेवायचा हट्ट धरला नसता. देखभालीचा भाग रोज पडत नाही. पडेल त्या दिवशी झाकण कायमचं वाकलं तरी चालेल, यंत्र वाचलं पाहिजे. मऊ पोलादाची पट्टी एका ठरावीक भारानंतर वाकत जाते आणि त्या वाकण्यात भार फारसा वाढत नाही. म्हणजे ती चुरगळणाऱ्या फोमसारखी वागते. समजा तुम्ही अशा पट्ट्या निवडल्या की मध्यावर ८ किलोन्यूटन आला की त्या वाकायला लागतील. मग १९६ ज्यूल भागिले (८,००० वजा ९८) म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. त्याआधीचा लवचीक वाक थोडा असेल, तो वेगळा धरा. झाकण आणि यंत्र यांच्यात ५० ते ६० मिलिमीटर ठेवलेत तर पुरेशी राखीव जागा राहते. इथे बल तुम्ही स्वतः ठरवलंत. आधाराचे खांब आणि बोल्ट ८ किलोन्यूटनच्या हिशेबाने करायचे, १०० च्या नाही.

त्यात एक काळजी घ्या. बाजारात मिळणाऱ्या पोलादाची प्रत्यक्ष ताकद कागदावरच्या किमान आकड्यापेक्षा बहुधा जास्त असते, आणि झटक्याच्या भाराखाली मऊ पोलाद आणखी जास्त भाराला वाकतं. पट्टीसाठी ही चांगली गोष्ट, बोल्टसाठी वाईट, कारण जास्तीचं बल थेट त्यांच्याकडे जातं. म्हणून बोल्ट आणि वेल्डिंग पट्टीच्या वाकण्याच्या भारापेक्षा दीडपट ते दुप्पट मजबूत ठेवा. पट्टी वाकायच्या आधी बोल्ट तुटला तर सगळी योजनाच कोसळते.

मार मध्यावरच बसेल असंही नाही. आधाराजवळ पट्टी फार ताठ असते, तिथे वस्तू पडली तर वाक कमी आणि बल बरंच जास्त. पट्टीसाठी मध्यावरचा मार अवघड, बोल्टसाठी कडेचा. दोन्ही तपासा. वस्तू कशी पडते यानेही फरक पडतो: सपाट बाजूवर पडली तर एकूण बल जास्त पण पसरलेलं, कोपऱ्यावर पडली तर कोपरा दबतो म्हणून एकूण बल कमी, पण सगळं एका टोकावर. पातळ पत्र्याला कोपराच भोक पाडतो. पत्र्याखाली पट्ट्यांमधलं अंतर ठरवताना कोपऱ्याचाच विचार करा.

वस्तू उसळली तर बल दुप्पट होतं का, असंही विचारलं जातं. उसळली तर संवेगातला एकूण बदल जास्त असतो, पूर्ण उसळली तर दुप्पट, हे बरोबर. पण स्पर्शाची वेळही तेवढीच वाढते. कमाल बल खाली जातानाच्या टप्प्यात येतं, आणि ते दबण्याच्या अंतरावर ठरतं. नंतरची उसळी त्यात भर घालत नाही. उसळीचा धोका वेगळा आहे: १० किलोचा भाग झाकणावरून उसळून बाजूला उभ्या माणसाच्या दिशेने जाऊ शकतो. झाकणाला कड ठेवा. कायमचं वाकणारं झाकण इथेही बरं, कारण ते ऊर्जा परत देत नाही.

आता मोजण्याबद्दल, कारण झाकण तयार झाल्यावर कुणीतरी 'प्रत्यक्ष बल मोजून दाखवा' म्हणेलच. साधा वजनकाटा इथे निरुपयोगी आहे. तो आकडा स्थिर व्हायची वाट बघतो आणि मार त्याआधीच संपलेला असतो. मोबाईलमधला त्वरणमापक बहुधा गुरुत्वीय त्वरणाच्या ८ किंवा १६ पटींपर्यंतच मोजतो, आणि आपण शेकड्यांत बोलतोय. लोड सेल (बल मोजणारा संवेदक) वापरत असाल तर दोन गोष्टी बघा. पहिली, नोंदीचा दर: सेकंदाला १,००० नोंदी म्हणजे मिलिसेकंदाला एक, आणि कडक आघात एका मिलिसेकंदाच्या आत संपतो. शिखर दोन नोंदींच्या मधेच निघून जातं. माराच्या काळात किमान दहा-पंधरा नोंदी मिळायला हव्यात, म्हणून कडक आघातासाठी सेकंदाला २०,००० च्या खाली मी जात नाही. दुसरी, लोड सेल आणि त्यावरची प्लेट स्वतःच कंप पावतात. आलेखात खऱ्या डोंगरावर दातेरी रेघ दिसते ती या कंपनाची. तिचं सर्वांत वरचं टोक 'कमाल बल' म्हणून लिहिलं तर आकडा फुगतो. फिल्टर लावून ती फार गुळगुळीत केली तर खरं शिखरही कापलं जातं. कोणता फिल्टर लावला ते अहवालात लिहिलं नसेल तर तो आकडा दुसऱ्या अहवालाशी ताडून बघू नका.

तुमच्या झाकणासाठी मला लोड सेलचीही गरज वाटत नाही. झाकणाखाली, यंत्राच्या जागी, प्लॅस्टिसिनचे (मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे) ठरावीक उंचीचे लहान शंकू ठेवा. झाकण आदळताना जास्तीत जास्त किती खाली आलं, हे शंकू चेपून दाखवतील. नंतर पट्टी थोडी परत वर येते, त्यामुळे चाचणीनंतर नुसती पट्टी मोजून हा आकडा मिळत नाही. १० किलोचा तोच भाग, किंवा तशाच कोपऱ्याचं वजन, २ मीटरवरून आधी मध्यावर, मग नव्या झाकणावर कडेला, आणि एकदा कोपऱ्यावर पाडा. राखीव मजबुती तपासायला उंची वाढवणं सर्वांत सोपं. ३ मीटर केली की २९४ ज्यूल होतात. बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत आधी मार्करने रेघ ओढून ठेवा, म्हणजे बोल्ट फिरला किंवा सरकला असेल तर ते लगेच दिसेल. प्रत्येक चाचणीला नवी पट्टी घ्या, आणि प्रत्यक्ष वापरातही एकदा वाकलेली पट्टी बदलून टाका, कारण तिने आपला वाकण्याचा काही प्रवास आधीच खर्च केलेला असतो.